सरासरीत न सापडणारी साकोली

(साकोली इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काहींनी मला विचारलं, "सर, तुम्ही इतिहासाचे. मोबाइल, ब्राउझर, स्टार देणं, यात कसला इतिहास?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मी धानापासून सुरू करतो.

आपल्याकडे पैसेवारी सगळ्यांना माहीत आहे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. काही प्लॉट निवडतात, पीक कापून मोजतात आणि गावाचा एक आकडा ठरतो. पन्नास पैशांच्या वर गेला तर गाव चांगलं. आता तुमच्या बांधीत करपा आला असो की तुडतुडा लागला असो, गावाचा आकडा बावन्न असला म्हणजे तुमचं नुकसान कागदावर नाही. बरोबर? म्हणजे सरासरी काय करते हे या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. आपण ते पिढ्यान् पिढ्या भोगलेलं आहे.

आता फोनकडे येऊ. काही वर्षांपूर्वी मी नागझिऱ्याच्या बाजूच्या एका गावात मुक्कामी होतो. घरात रेंज नाही. फोन करायचा तर तलावाच्या पाळीवर जायचं, आणि तिथेही एका ठराविक झाडाखालीच. मी पाळीवरूनच कंपनीच्या ग्राहक केंद्राला फोन लावला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तो अनुभव सगळ्याच कंपन्यांचा आहे. पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "सर, आपल्या एरियामध्ये नेटवर्क व्यवस्थित दाखवत आहे." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या पडद्यावर तसंच दिसत असणार. तिचा 'एरिया' आणि माझी पाळ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एवढंच. परत आल्यावर मी त्या कंपनीच्या ॲपचं रेटिंग बघितलं, तर ते चारच्या वर होतं.

ग्राहकाचं मत नेमकं कुठे जातं, कोण मोजतं, आणि मोजताना माणूस कुठे हरवतो, एवढाच आजचा इतिहास आहे.

मत आणि तक्रार

सुरुवात महाराष्ट्रातूनच करावी लागते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. काळ टंचाईचा होता. रेशनची रांग, तेलात भेसळ, वजनात काटा मारणं हे रोजचंच. पंचायतीची पद्धत बघा. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याचं सामान एकत्र मागवायचं आणि वाटपही आपणच करायचं. डाळ खराब निघाली की ती एकट्या बाईची कुरकुर राहत नसे. तो गटाचा अनुभव होई, आणि गट पुढच्या महिन्याची मागणी फिरवू शकत असे.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. 'डाळ बरी नव्हती' हे मत झालं. 'अमुक तारखेला अमुक डाळ घेतली, ती अशी निघाली, आता उत्तर द्या' ही तक्रार झाली. मताला श्रोता मिळाला तरी चालतं. तक्रारीला मात्र उत्तर देणं ज्याला भाग आहे असा कुणीतरी समोर लागतो. चळवळीला हा फरक कळला होता, म्हणून तिचा जोर कायद्यावर राहिला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. साकोलीच्या माणसाला भंडाऱ्याला जावं लागे. इथून चाळीसेक किलोमीटर, महामार्गावरची एस.टी. पण तिथे गेल्यावर त्याला कुणी म्हणत नसे की 'जिल्ह्यातले बाकीचे ग्राहक तर खूश आहेत.' न्यायासनासमोर एकच माणूस असतो, त्याचं एकच बिल असतं. तिथे सरासरी नाही. हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

फोन आला, क्षेत्र आलं

३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलणं केलं. पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आपल्याकडे तेव्हा एस.टी.डी.च्या पिवळ्या पाटीचं राज्य होतं. रात्री दर कमी होईपर्यंत लोक बूथबाहेर थांबत. मोबाइल आला तेव्हाही येणाऱ्या कॉलला पैसे पडत, म्हणून फोन वाजला की माणूस आधी विचार करी. १ मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला आणि 'मिस कॉल दे' हे मराठीतलं नवं वाक्य सगळीकडे पसरलं.

पण या व्यवस्थेच्या पोटात एक गोष्ट सुरुवातीपासून होती, आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. परवाने जिल्ह्याप्रमाणे दिलेले नव्हते. देशाचे मोठमोठे तुकडे पाडले होते, त्यांना 'सर्कल' म्हणत. मुंबई वेगळं सर्कल. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. म्हणजे पुण्याचं हिंजवडी, पणजीचा किनारा आणि साकोली तालुक्यातलं जंगलालगतचं गाव, सगळे एकाच हिशेबात. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय', स्थापन झालं. ट्रायने सेवेच्या दर्जाचे निकष ठरवले. कॉल तुटण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवं, हा त्यातला एक. पण मोजमाप सर्कलच्या सरासरीने. आता मला सांगा, पुणे, नाशिक, नागपूर एका पारड्यात टाकल्यावर पाळीवरच्या झाडाखाली तुटलेला माझा कॉल त्या काट्याला हलवणार आहे का?

हा दोष पुढे ट्रायनेही मान्य केला. ऑगस्ट २०१७ मध्ये नियम बदलले. सरासरी वाईट टॉवरला झाकते, म्हणून नवा निकष आला: नव्वद टक्के सेल नव्वद टक्के दिवस निकषात बसले पाहिजेत. सुधारणा मोठीच होती, मी ती कमी लेखत नाही. पण उरलेले दहा टक्के कुठे असतील, याचा अंदाज जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला लगेच येतो.

पायाने दिलेलं मत

आता तुम्ही म्हणाल, "सर, तक्रार कशाला करायची? सरळ कंपनी बदलायची." बरोबर. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. १९०० वर 'पोर्ट' असा मेसेज पाठवायचा. फी होती १९ रुपये. 'मी पोर्ट मारला' हे क्रियापद आपण त्यातूनच घडवलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कंपन्यांची संख्या भराभर घटली.

पोर्ट करणं म्हणजे पायाने दिलेलं मत. निघून जायचं, भांडत बसायचं नाही. शहरात याला वजन आहे. पण ज्या गावात एकाच कंपनीचा टॉवर पोचतो, तिथे जायचं कुठे? तिथल्या माणसाचं न सोडणं कंपनीच्या वहीत 'समाधानी ग्राहक' म्हणूनच लिहिलं जातं. मुकाट्याने राहणं म्हणजे पसंती नव्हे, पण आकडा दोन्हींत फरक करत नाही.

मग उरतो भंडाऱ्याचा मंच. आणि इथेच मधल्या काळात दार अडलं. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. कृष्णन प्रकरणात निकाल दिला. मूळ वाद केरळमधल्या लँडलाइनचा, बिल न भरल्याने फोन तोडल्याचा. न्यायालय म्हणालं की १८८५ च्या तार कायद्यात, कलम ७-ब मध्ये, लवादाची तरतूद आहे, म्हणून असा वाद ग्राहक मंचात चालणार नाही. तारेच्या जमान्यातला कायदा मोबाइलच्या ग्राहकाला आडवा आला! देशात अनेक मंचांनी या निकालाकडे बोट दाखवून फोनच्या तक्रारी परत केल्या, काहींनी चालवल्या. गोंधळच होता. ट्रायकडे जावं, तर ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण.

हा गुंता सुटला १६ फेब्रुवारी २०२२ ला. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं बिल महिन्याला सरासरी साडेपाचशे रुपये येई, एका महिन्यात ते २४ हजारांच्या वर आलं. तो मंचात गेला, आणि कंपनी अधिकारक्षेत्राचा मुद्दा घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला की दूरसंचार सेवा ही सेवाच आहे आणि ग्राहक मंचाचं दार तिला बंद नाही. २००९ ते २०२२. साडेबारा वर्षं. आणि नेमकी हीच वर्षं, जेव्हा मोबाइल चैनीतून गरजेत आला, पीकविम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, बँकेचा ओटीपी सगळं त्यात शिरलं.

तारे मोजणारे

दार अडलं की माणूस ओट्यावर येऊन बोलतो. या काळात तो ओटा इंटरनेटवर होता. २००० मध्ये मुंबईत फैझल फारुकी यांनी 'माउथशट' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. गाडी, फोन, बँक, हॉटेल, कशाचाही अनुभव लिहा आणि तारे द्या. ही आपल्याच राज्यात घडलेली गोष्ट आहे, पण मराठीत तिची फारशी नोंद नाही. लोक लिहू लागले तशा कंपन्यांच्या नोटिसा येऊ लागल्या: हे काढा, ते काढा. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संकेतस्थळं आणखी अडचणीत आली, कारण कुणीही आक्षेप घेतला की मजकूर काढण्याचा दबाव. माउथशट सर्वोच्च न्यायालयात गेलं.

त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१२ मध्ये, पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली होती, कलम ६६-अ खाली. त्यावरून श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने याचिका केली. या सगळ्या याचिका एकत्र ऐकल्या गेल्या आणि २४ मार्च २०१५ रोजी निकाल आला. ६६-अ रद्द झालं. आणि संकेतस्थळांपुरतं असं ठरलं की कुणाच्या नुसत्या नोटिशीवरून मजकूर काढायला ती बांधील नाहीत. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना लागेल. वाईट अनुभव लिहिणाऱ्या ग्राहकाला मिळालेलं हे मोठं संरक्षण आहे.

पण बोलायचं स्वातंत्र्य मिळालं की खोटं बोलणारेही येतात. पैसे देऊन लिहून घेतलेली स्तुती, स्पर्धकाने घातलेल्या शिव्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, आय.एस. १९०००:२०२२. लिहिणारा खरा आहे का तपासा, वाईट अभिप्राय दडपू नका, पैसे देऊन घेतलेला छापू नका, असा त्याचा गाभा. ते ऐच्छिक आहे. आणि सगळे अभिप्राय खरे असले तरी माझा मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. पुण्यातले हजार जण पाच तारे देतात, पाळीवरून मी एक देतो. दोन्ही खरे. पण वर जो आकडा झळकतो त्यात मी नाही.

चौकोनांची भाषा

ब्राउझरचंही हेच झालं. दोन हजारच्या दशकात अनेक मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं स्वतःचाच फाँट वापरत. ती इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये दिसत, दुसऱ्या ब्राउझरमध्ये नुसता अगम्य अक्षरांचा चिवडा. तेव्हा कुठला ब्राउझर चांगला, यावर जगभर वेग आणि सुरक्षितता यांची चर्चा चालू होती. आपल्या माणसाचा निकष एकच: मराठी वाचता येतं का?

पुढे बटणांचे छोटे फोन आले. त्यात देवनागरी नव्हतीच. मराठी पान उघडलं की चौकोनच चौकोन. २००६ मध्ये जगभर खुला झालेला ऑपेरा मिनी पान आपल्या सर्व्हरवर दाबून लहान करून पाठवी, त्यामुळे टू-जीवरही काम चाले. त्यात एक दडलेली सेटिंग होती. ती चालू केली की देवनागरी अक्षरं चित्र म्हणून येत, आणि चौकोनांच्या जागी मराठी उमटे. ही युक्ती पोरांनीच एकमेकांना सांगितली, कॉलेजच्या कट्ट्यावर, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर. इथे बसलेल्या काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय, म्हणजे आठवलं! तोंडोतोंडी पोचलेला हा अभिप्राय कुठल्याच तारांकनात दिसला नाही, पण त्याने मराठी वाचक घडवला.

तसंच यूसी ब्राउझरचं. कमी डेटा, चटकन डाउनलोड, म्हणून तो भारतात अतोनात चालला. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात तोही गेला. आणि आता? आता फोनसोबत जो ब्राउझर येतो तोच आपण वापरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७ कोटींहून जास्त दंड केला. फोनमध्ये आपली ॲप आधीच बसवून देण्याची सक्ती हा त्यातला मुख्य मुद्दा, आणि त्या ॲपमध्ये क्रोमही होता. ज्याने कधी निवडच केली नाही, त्याचं मत काय मोजणार?

शेतकऱ्याच्या नावाने

एक प्रसंग सांगून शेवटाकडे येतो. मार्च २०१५ मध्ये ट्रायने इंटरनेटच्या नियमनाबद्दल लोकांची मतं मागवली. दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. भारतात एखाद्या नियामकाला ग्राहकांनी असं पत्रांनी गाठलं नव्हतं. ट्रायने ती पत्रं पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट प्रसिद्ध करून टाकली, त्यावरून गदारोळ झाला तो वेगळाच.

त्या वर्षाच्या शेवटी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना चर्चेत होती. काही ठराविक संकेतस्थळं फुकट, बाकीच्यांना पैसे. डिसेंबरमध्ये मार्क झुकरबर्ग यांनी एका इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि दाखला दिला महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा: त्याला या योजनेमुळे हवामान समजतं, बाजारभाव समजतात. बघा मंडळी, जगातली एवढी मोठी कंपनी, आणि साक्षीदार कोण, तर आपला शेतकरी. पण हवामान कोणत्या संकेतस्थळावर बघायचं हे त्याने ठरवायचं की कंपनीने, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. ट्रायकडे या खेपेला चोवीस लाखांच्या आसपास प्रतिक्रिया पोचल्या. त्यातल्या बहुतेक एका बटणाने पाठवलेल्या, एकाच साच्यातल्या. ट्रायने स्पष्ट केलं की हा सल्लामसलतीचा मार्ग आहे, मतमोजणी नव्हे. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळा डेटा दर लावायला मनाई झाली. डोकी मोजली असती तर निकाल बहुधा उलटा लागला असता. कारणं मोजली म्हणून तो असा लागला.

पाळीवरून पुढे

मग आज आपण कुठे आहोत? ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने दर्जाचे नवे नियम काढले. कंपन्यांनी आपलं नेटवर्क कुठे पोचतं त्याचा नकाशा संकेतस्थळावर द्यायचा आहे. आणि एखाद्या जिल्ह्यात सेवा मोठ्या प्रमाणावर २४ तासांहून जास्त बंद पडली तर पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदतवाढ. 'जिल्हा' हा शब्द त्या हिशेबात आला, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. सर्कलमधून निघून हिशेब भंडारा जिल्ह्यापर्यंत पोचला. अजून साकोली तालुक्यापर्यंत, त्या पाळीपर्यंत यायचा आहे.

तो आपोआप येणार नाही. पैसेवारीतही गावकरी ग्रामसभेत उभे राहून म्हणतात ना, "हा प्लॉट आमच्या शिवाराचा नमुना नाही"? तेच इथे करायचं. कंपनीच्या नकाशात आपलं गाव रंगवलेलं असेल आणि रेंज नसेल, तर तो नकाशाच आपला पुरावा. त्याचं चित्र काढून ठेवा. ग्राहक केंद्राला फोन केला की डॉकेट नंबर वहीत लिहा, सोबत तारीख, वेळ, जागा. नाही भागलं तर कंपनीचं अपील प्राधिकरण. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे. आणि त्यापुढे भंडाऱ्याचा आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथे करता येते, ऑनलाइन भरता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

तारे द्यायचे तर द्या, माझी ना नाही. पण तारा दिला की आपण गर्दीत मिसळतो. 'मी अमुक गावचा, अमुक तारखेला, तलावाच्या पाळीवर उभा होतो आणि कॉल लागला नाही' असं लिहिलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. पन्नास वर्षांपूर्वी डाळीच्या पिशवीवरून बायकांनी जे केलं ते याहून वेगळं नव्हतं.

मी अजूनही त्या गावाला जातो. रेंज आता थोडी सुधारली आहे. झाड मात्र तेच आहे, आणि संध्याकाळी त्याच्याखाली चार माणसं फोन कानाला लावून उभी असतात. त्यातल्या किती जणांनी आजवर लेखी तक्रार केली, हे मी गेल्या खेपेला विचारलं. एकानेही नाही. आता तुम्ही विचारा, आपापल्या गावात.